सापत्न वागणूक

गावाहून कुणी आलं की आमच्या घरी मराठी वर्तमानपत्र येतं. वाचायला म्हणून नव्हे. भाकरींना गुंडाळून, पापडांच्या खाली, दोंडाईच्याच्या लाल मिरचीच्या पिशवीत तळाला घातलेलं. मी ते खिडकीपाशी नेतो आणि जिथे तेलाचे डाग कमी आहेत तिथून वाचायला लागतो. सुरतेत येऊन मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत भाकरीबरोबर आलेल्या जवळजवळ प्रत्येक कागदावर एक बातमी ठरलेली: खानदेशला सापत्न वागणूक. सिंचनाचा निधी आला नाही, सापत्न वागणूक. एक्स्प्रेस थांबली नाही, सापत्न वागणूक. कधी ही तक्रार विदर्भाची असते, कधी मराठवाड्याची, आणि कुणीच सापडलं नाही तर एका तालुक्याची शेजारच्या तालुक्याविरुद्ध असते. मराठी माणसाच्या पाचवीला सटवाईबरोबर ही वागणूकही येऊन बसत असावी.

पूर्वी हा शब्द मी मिरचीच्या बियांबरोबर झटकून टाकायचो. आता त्याच्यापाशी अडखळतो. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं आणि बायकोबरोबर मला एक सहा वर्षांची मुलगी आणि एक तीन वर्षांचा मुलगा मिळाला. आज ती आठ वर्षांची आहे, तो पाच. घरात त्यांना मोठी आणि बारक्या म्हणतात, इथेही तसंच म्हणू. म्हणजे शब्दकोशाच्या हिशेबानं सापत्न वागणूक खात्याचा मी अधिकृत मंत्री झालो. निधी माझ्या हाती, थांबे माझ्या हाती. प्रत्यक्षात या घरात ती वागणूक कुणाच्या वाट्याला आली, हे जरा सविस्तर सांगायला हवं.

आधी शब्दाचं बघू. 'सावत्र' आला सवतीवरून आणि 'सापत्न' आला सपत्नीवरून, म्हणजे सवतीच्याच संस्कृत अवतारावरून. हे शब्द घडले तेव्हा डोळ्यांपुढे एक नवरा, दोन बायका आणि उंबऱ्यात रडणारं एक पोर एवढंच चित्र होतं. सावत्र बाप कुणाच्या हिशेबातच नव्हता. व्याकरणाला धरून चालायचं तर मी कुणाची तरी सवत असायला हवं. घरात शोधून पाहिलं. समोरच्या भिंतीवर मुलांच्या वडिलांचा फोटो आहे, चंदनी हार घातलेला. तेव्हा मी त्या फोटोची सवत. फोटोतला माणूस माझ्यापेक्षा देखणा आहे, कायमचा तेहतीस वर्षांचा आहे आणि कधी कुणावर खेकसत नाही. अशा सवतीपुढे टिकाव धरणं सोपं नसतं.

आमचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी मात्र अजून 'पाट लावला' हाच शब्द. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालचा. पण खानदेशातल्या शेतकरी जातींत पाटाची चाल त्याच्या कितीतरी आधीपासूनची, आणि त्यासाठी कुणी इंग्रजाची वाट बघितली नव्हती. लग्नाला आलेले एक आजोबा समाधानानं म्हणाले, "बरं झालं, पाट लागला." ते ऐकून बारक्या जेवायची वेळ झाली असं समजला आणि भिंतीशी मांडी घालून बसला.

मग प्रश्न आला हाकेचा. 'पप्पा' ही जागा भरलेली होती आणि भिंतीवर होती. सुरुवातीला मी 'काका' झालो. पण सुरतेत दूधवाला काका, रिक्षावाला काका, मिलच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा काका. बारक्यानं हाक मारली की गल्लीतले चार जण वळून बघायचे. 'दादा' करून पाहिलं. खानदेशात दादा म्हणजे थोरला भाऊ, कित्येक घरांत बापही. पण गुजरातीत दादा म्हणजे आजोबा आणि हिंदी सिनेमात दादा म्हणजे हप्ता गोळा करणारा. 'नाना' म्हणावं तर गुजरातीत तो आईचा बाप. बायको ऐकूनच कानकोंडी झाली. शेवटी मोठीनं तोडगा काढला. इथले गुजराती लोक आम्हा मराठी माणसांना सरसकट 'भाऊ' म्हणतात. खानदेशातही कितीतरी घरांत बापाला भाऊच म्हणतात, कारण काका-आत्या जे म्हणतात तेच पोरं उचलतात. "सगळे म्हणतातच, तर आपणपण तेच म्हणू," ती म्हणाली. अशा रीतीनं बापपणाचा किताब मला भाजीवाल्याच्या हातून मिळाला.

बारक्याचं मात्र नुसत्या नावानं भागेना, त्याला पत्ताही लागायचा. घरी कुणी आलं की तो ओळख करून द्यायचा, "हे भिंतीवरचे पप्पा. आणि हे खुर्चीतले भाऊ." खुर्ची आमच्याकडे एकच आहे, प्लास्टिकची, एका पायाखाली पुठ्ठा घातलेली. तिच्यातून उठलो की माझं नातं तात्पुरतं स्थगित व्हायचं.

आम्ही राहतो ते पांडेसरा ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेच्या दक्षिणेला, उधना ओलांडून सचिनकडे निघालं की रस्त्यात चिमण्या लागतात, घरट्यातल्या नव्हेत, धुराच्या. हवेत वाफ आणि ओल्या कापडाचा वास यायला लागला की समजायचं, आलं. इथे ओडिशाचा माणूस आहे, उत्तर प्रदेशचा आहे, बिहारचा आहे, आणि आम्ही खानदेशी तर आहोतच. तापी मुलताईला उगम पावते, भुसावळ, प्रकाशा करत सुरतेला येते. तिच्याच खोऱ्यातून भुसावळची रेल्वे येते आणि त्या रेल्वेतून आम्ही. पाणीसुद्धा खानदेशातून इकडेच येतं म्हटल्यावर माणसांनी मागे का राहावं? इथल्या एका चौकाला लोक 'तेरे नाम चोकडी' म्हणतात. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना पहिल्या दिवशी मी लाजलो होतो.

मी इथल्या एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये मेहताजी आहे. मेहताजी म्हणजे चोपडी सांभाळणारा. आता चोपडी संगणकात गेली, पण नाव राहिलं. आमच्या धंद्याची गंमत अशी की मिलमधला माल मिलचा नसतो. रिंगरोडच्या मार्केटातला व्यापारी लूमवरून कोरं कापड उचलतो. त्याला इथे 'ग्रे' म्हणतात. ते राखाडी मुळीच नसतं, मळक्या पांढऱ्या रंगाचं असतं. त्याचे ताके टेम्पोतून येतात. आम्ही ते धुतो, रंगवतो, छापतो, वाळवतो आणि ज्याचे त्याला परत पाठवतो. याचं नाव जॉबवर्क. मीटरमध्ये घट निघाली तर तिचं नाव शॉर्टेज, आणि त्यावरून होणारी भांडणं मिटवायची म्हणून मला पगार.

लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा आमचे कलरमास्तर पान या गालातून त्या गालात नेत म्हणाले, "मेहताजी, घबराने का नहीं. पूरा पांडेसरा दूसरे के माल पर ही चलता है." वाक्य मला इतकं आवडलं की पंधरा दिवस ते मनात घोळवत होतो. ताका कुणाचाही असो, रंग आपला! घरी राहायला गेल्यावर कळलं की मास्तरांनी नोंद उलट्या बाजूला केली होती. ग्रे मी होतो. रंगवणारे दोघं आधीपासून कामावर हजर होते. महिन्याभरात मला तीन कार्टून मालिकांची गाणी पाठ झाली, दूध कोमट म्हणजे नेमकं किती कोमट ते बोट बुडवून कळायला लागलं, आणि मिलमध्ये शेठसमोर 'शू आली' असं मी एकदा मोठ्यानं बोलून गेलो.

घरात माझ्या आधीपासून कायदे होते. पहिली भाकरी मोठीची. पंखा तीनवर. चटईची दारापासची बाजू बारक्याची, कारण तिथून पाल दिसते. पण सर्वांत कडक कायदा ग्लासांचा. निळा बारक्याचा, गुलाबी मोठीचा, स्टीलचा आईचा. उरलेला काचेचा ग्लास पाहुण्यांचा. तोच माझ्या वाट्याला आला. पाहुणे आले की तो त्यांना जायचा आणि मी ओंजळीनं पाणी प्यायचो. आठ महिने मी असे काढले. एका रात्री दवाखान्यातून आम्ही परत आलो. बारक्याला ताप होता, मी त्याला खांद्यावर टाकून रांगेत उभा होतो, विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर माझ्या ताटाशेजारी प्लास्टिकचा एक जुना मग. कान तुटलेला, वरचं चित्र निम्मं उडालेलं. जे उरलं होतं ते अस्वल होतं की पोलीस ते आजही ठरत नाही. "हा तुमचा," बारक्या म्हणाला. "पण शनिवारी मला रंग धुवायला लागतो." खानदेशला सिंचनाचा निधी मिळाल्यावर कसं वाटत असेल, त्याची त्या दिवशी थोडी कल्पना आली.

गोष्ट सांगायचं काम रात्री माझ्याकडे असतं. पहिल्या रात्री मी लहानपणी ऐकलेली उघडली, "एक होता राजा. त्याला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती..."

"दोन राण्या कशाला?" मोठी.

"असतात राजाला."

बारक्यानं जरा विचार केला. "एका राणीला दोन राजे नसतात?"

बायको ओट्याशी भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला. मी म्हटलं, "असतात. पहिला राजा भिंतीवर गेला, मग दुसरा आला."

"दुसरा काय करतो?"

"मेहताजी आहे."

"घोडा आहे त्याला?"

"अॅक्टिव्हा आहे."

"मग चालेल," असं म्हणून तो झोपला. भांडी परत वाजायला लागली, जरा जास्तच जोरात.

त्यानंतर काही दिवस मी आपल्या आधीच्या लोकांचा शोध घेतला. आपण करतो ते काम पूर्वी कुणी नीट केलं होतं का, हे मेहताजीला मागच्या चोपड्यांत बघायची सवयच असते. सावत्र आया पुष्कळ निघाल्या. महर्षी कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तेव्हा थोरला रघुनाथ अकरा वर्षांचा होता. सावत्र आईच्या घरात वाढलेला हा मुलगा १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला आणि १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' काढून उभ्या महाराष्ट्राला संततिनियमन शिकवू लागला. यातल्या दुसऱ्या गोष्टीला सावत्र आईला जबाबदार धरता येत नाही, पण मॅट्रिकचं थोडं श्रेय द्यायला हरकत नसावी. सावत्र बापाचं मात्र एकही नाव मला धड सापडेना. कहाण्यांत नाही, पुराणांत नाही. वाईट म्हणूनसुद्धा नाही. बरं वाटलं. जिथे आधीचा हिशेब नसतो तिथे चूक पकडणाराही नसतो.

पुराणांवरून अॅक्टिव्हाकडे येतो. ध्रुवाच्या गोष्टीत उत्तानपाद राजाच्या मांडीवर धाकट्या राणीचा उत्तम बसलेला असतो, ध्रुव चढायला जातो आणि सुरुची त्याला ओढून खाली काढते. मला लहानपणापासून राजाचं नवल वाटायचं. एवढं सगळं मांडीवर घडतंय आणि हा एक अक्षर बोलत नाही! आता कळतं. अॅक्टिव्हावर हँडल आणि सीट यांच्यामध्ये जी उभं राहण्याची फळी असते, ते पांडेसऱ्यातलं अढळपद. त्यावर रोज सकाळी साडेसहाला युद्ध होतं. मी आरशात बघत बसतो. राजानंही तेच केलं असणार, फक्त त्याच्याकडे आरसा नव्हता. सध्या तह असा आहे: कैलास चोकडीपर्यंत मोठी, तिथून पुढे बारक्या. मोठी आता इतकी उंच झाली आहे की ती पुढे असली की मला रस्त्याऐवजी तिची वेणी दिसते, आणि बोलायला तोंड उघडलं तर वेणी तोंडात येते. त्यामुळे कैलास चोकडीपर्यंत आमच्यात कसलाच वाद होत नाही.

रविवारी पाहणी असते. भिंतीवरच्या फोटोची आई, मुलांची आजीमाय, भेस्तानला दुसऱ्या मुलाकडे राहते. ती कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन येते, चप्पल काढायच्या आधी बारक्याला काखेत धरून उचलते आणि निकाल देते, "पोऱ्या वाळी गया भाऊ!" बारक्याचं वजन दर महिन्याला वाढतं, अंगणवाडीच्या कार्डावर तसं लिहिलेलं आहे, पण आजीमायच्या काट्यावर तो दर रविवारी घटतो. शॉर्टेजच्या भांडणात मी निष्णात असलो तरी इथे गप्प राहतो. तिच्या मुलाचा मुलगा माझ्या खांद्यावर चढून तिच्या मुलाच्या फोटोला हात लावत असतो. अशा वेळी काय बोलावं हे तिला सुचत नाही, मलाही नाही. वजनावर बोलणं सोपं पडतं.

अशाच एका रविवारी दुपारी ती गेल्यावर मी आडवा झालो. बायको घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. आमच्या गल्लीत ते घरोघरी चालतं. गोंदाची बाटली, चिमटा आणि वाटीत चकाकणारे खडे, असा पसारा कायम असतो. सोमवारी मिलमध्ये गेलो तर शेठ बराच वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मेहताजी, नवी डिझाइन?" संडासाच्या आरशात पाहिलं. टकलाच्या मधोमध कोयरी होती. अकरा खडे, बाहेर पांढरे, आत एक हिरवा. टोक थेट डाव्या कानाकडे वळवलेलं. त्या गोंदाची ख्याती अशी की साडी धुतली तरी खडा निघत नाही. खोबरेल लावून लावून बुधवारी शेवटचा निघाला. बायकोच्या हिशेबात अकरा खडे कमी भरले, ते तिनं माझ्या नावावर टाकले.

एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मी जागा होतो. मोठी एकेक खडा ठेवून बोटानं दाबत होती, बारक्या त्यावर फुंकर घालत होता, आणि दोघं मिळून अगदी हळू आवाजात 'हलू नको, हलू नको' असं मलाच सांगत होते. मी हललो नाही.

मोठी महापालिकेच्या शाळेत तिसरीत आहे. सुरत महापालिकेच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी. तिचं माध्यम मराठी, पुस्तक मराठी, पण ते छापून येतं गांधीनगरहून. आणि शाळेत गुजरातीही शिकावी लागते. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. हे कळल्या दिवसापासून तिनं मराठी अक्षरांच्याही टोप्या काढून टाकल्या. मी म्हटलं, "अगं, शिरोरेघ?" ती म्हणाली, "ज्यांना वेळ आहे त्यांनी द्यावी." बारक्याचं माध्यम अजून ठरायचं आहे. त्याची सध्याची भाषा अशी: "भाऊ, पेला कुत्रा मेरेकू बघतंय." यात गुजराती, मराठी आणि हिंदी समान हक्कानं नांदतात, कुणालाच सापत्न वागणूक नाही. कुत्र्यालाही ती समजते.

गेल्या जूनमध्ये शाळेतून फॉर्म आला. मोठीला अक्षर दाखवायची हौस, म्हणून तो तिनंच भरला. पालकाचं नाव, पत्ता, धंदा. पुढे रकाना होता: 'पालकाचे विद्यार्थ्याशी नाते'. तिनं लिहिलं, 'बरे आहे'. मी न वाचता सही ठोकली. मेहताजीनं असं करू नये, पण मिलची वेळ झाली होती. बाईंनी बोलावून घेतलं. फॉर्म पुढे ठेवला, त्या रकान्यावर बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. संध्याकाळी मी मोठीला विचारलं, "नुसतं बरे? चांगले का नाही लिहिलंस?"

"सुधारायला जागा ठेवायची असते," ती म्हणाली. "प्रगतिपुस्तकात तसंच असतं."

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुजराती शिक्षक राहतात. सावत्र शब्दाचं माझं रडगाणं मी एकदा त्यांच्यापुढे गायलो. ते म्हणाले, आमच्याकडे यापेक्षा सोज्ज्वळ शब्द आहे. आईनं दुसरं घर केलं आणि तिचं बोट धरून जे मूल त्या घरात आलं, ते 'आंगळियात'. आंगळी म्हणजे बोट. आत जाऊन त्यांनी जोसेफ मॅकवान यांची त्याच नावाची कादंबरी आणली, १९८६ सालची. तिला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. चरोतर भागातल्या विणकरांची गोष्ट. मला वाटलं, कापडाचा विषय आहे, आपल्याला जमेल. गुजराती लिपी मी चलानावरची वाचतो, कादंबरीतली नाही, त्यामुळे एकेक पान रांगत वाचलं. पुस्तक हसण्यासारखं नाही. पण शब्द माझ्याजवळ राहिला.

नंतर एका संध्याकाळी आम्ही तिघं उधना-सचिन रस्ता ओलांडत होतो. सुरतेची बीआरटीएस २०१४ मध्ये याच रस्त्यावर सुरू झाली. त्यामुळे हा रस्ता ओलांडणं म्हणजे एक रस्ता नव्हे, तीन: आधी आपल्या बाजूची वाहनं, मग मधली बसची पट्टी, मग पलीकडची वाहनं. "भाऊ, बोट द्या," मोठी म्हणाली. मी वडीलकीनं बोट पुढे केलं. दुसरं बारक्यानं धरलं. मोठी पुटपुटत होती, "उजवीकडे बघायचं. मग डावीकडे. मग बस. मग रॉंग साइडवाला." आणि तिनं मला ओढलं. मी अकरा वर्षं हा रस्ता देवाच्या भरवशावर ओलांडत आलो होतो. मधल्या पट्टीवर पोचल्यावर लक्षात आलं की माझी दोन्ही बोटं दोघांच्या मुठीत आहेत आणि मी फक्त मागून येतो आहे. वरच्या मास्तरांना हे सांगितलं. ते म्हणाले, मोठ्या माणसासाठी 'आंगळियात' हा शब्द वापरल्याचं ऐकिवात नाही. पण चालेल का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं नाही.

रविवारी सकाळी आमच्याकडे लोचो असतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: खमणाचं पीठ बिघडून सैल झालं, वड्या पडेनात, तेव्हा सुरती माणसानं ते फेकलं नाही, वर तेल, शेव, कांदा, चटणी घालून खाल्लं आणि नाव ठेवलं लोचो, म्हणजे घोटाळा. असं इथले लोक सांगतात. आता लोक तो मुद्दाम करतात आणि रांगा लावून खातात.

मागे एका रविवारी लोचो खाता खाता मी भाकरीचा कागद मोठ्यानं वाचत होतो. सवयीप्रमाणे तीच बातमी. "सापत्न वागणूक म्हणजे काय?" बारक्यानं विचारलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मोठीनं फोटोकडे पाहिलं. मी जेवढं खरं आणि जेवढं पाच वर्षांच्या मुलाला पुरेल तेवढं सांगितलं, "दुसऱ्याला जास्त द्यायचं आणि आपल्याला कमी." त्यानं मान डोलावली. तो शब्द त्यानं तोंडात दोनदा फिरवला आणि कुठेतरी ठेवून दिला.

ठेवला कुठे ते पुढच्या रविवारी कळलं. लोचो संपत आला होता, शेवटचा वाटा मी मोठीच्या ताटलीत सरकवला, कारण तिला शाळेत बक्षीस मिळालं होतं, चित्रकलेत. खाली ताटली आपटल्याचा आवाज आला. बारक्या उठला, थेट ओट्याशी गेला आणि आईचा पदर ओढून गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मम्मी, भाऊ मला सापत्न वागणूक देतात! तिलाच देतात! मला कधीच नाही देत!"

बायकोचा चमचा हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत होती, बहुधा माझ्या तोंडावर काय दिसतं ते. काय दिसत असेल ते मला माहीत नाही. मी मोठीची ताटली पुढे ओढली, चमच्यानं लोचोचे दोन भाग केले, मेहताजीच्या नजरेनं मोजून, अगदी बरोबर. शेव मात्र तिच्याकडे थोडी जास्त गेली, आणि ते त्यानं बरोबर पकडलं.